आधी जेवणाचं विचारायचं

पहाटे ५. नळाला पाणी येण्याआधीच मला जाग येते. नऊ वर्षांपूर्वी याच वेळी हे गेल्याचं कळलं होतं. पहिली दोन वर्षं ही वेळ सोसवत नसे. डोळे मिटून उजाडायची वाट पाहायची. आता उठते, चूल पेटवते, आईंना चहा देते. सासूबाईंना मी आईच म्हणते. दोघी न बोलता चहा पितो. हे असं शेजारी बसणं आम्हाला फार उशिरा जमलं. पोटचा लेक गेलेली बाई आणि नवरा गेलेली बाई एका छपराखाली राहतात, आणि दोघींनाही वाटत असतं की दुसरी आपल्यालाच दोष देते आहे.

८ ते ११. नोव्हेंबर म्हणजे कापसाची वेचणी. दव उतरल्यावरच ओटी बांधायची, ओल्या कापसाला भाव मिळत नाही. पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादहीची पूजा असते. हे गेले त्या वर्षी ती करायला गावातली सवाष्ण बोलावली होती. मी बांधावर उभी होते. पुढच्या वर्षी आईच म्हणाल्या, "पीक तुह्या मेहनतीचं हाये, तूच कर."

११.३०. एसटीची वाट. आठवड्यातले दोन दिवस मी बायकांच्या आमच्या गटाचं काम करते: शेतकऱ्यानं जीव दिलेल्या घरी जाऊन तिथल्या बाईला भेटायचं. पगार नाही, तिकिटाचे पैसे मिळतात. अशा घरी एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं, हा आमचा नियम. माझ्या घरी तेरवीनंतर सगळे पांगले, तेव्हा शेजारच्या गावची एक अनोळखी बाई आली होती. तिनं 'का' विचारलं नाही. सुपातली तूर पुढ्यात ओढून निवडत बसली. जाताना म्हणाली, "माह्याही घरी असंच झालं." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले. वर्षभरानं तिला शोधत गेले आणि म्हणाले, मलाही तुझ्यासोबत ने.

१२.४५. आजचं घर चाळीस दिवसांपूर्वीचं. बाई तिशीतली. लहानगी मुलगी पदराला धरून. मी आधी जेवणाचं विचारते. आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीव दिला तो दिवस १९ मार्च १९८६. त्या तारखेला २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. मीही करते. पण ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे, तिथं चूल पेटली की नाही हेच आधी पाहावं लागतं. आज पेटलेली नव्हती. माझ्या सोबतिणीनं खिचडी टाकली.

दोन घास गेल्यावर ती बोलली. "त्या दिवशी मी त्यायले चहा बी नाही विचारला, ताई." मी तिला 'तुझा काही दोष नाही' असं लगेच म्हणत नाही. मला लोक तसं म्हणायचे, तेव्हा वाटायचं की यांना विषय संपवायचा आहे. म्हटलं, "आमच्याकडं आदल्या रात्री बियाण्याच्या उधारीवरून भांडण झालं होतं. मी ते वर्षानुवर्षं मोजत बसले." मग ती नवऱ्याबद्दल सांगायला लागली: बैलांना नावं कशी ठेवायचा, मुलीला खांद्यावर घेऊन बाजाराला कसा जायचा. चाळीस दिवसांत त्याच्या जगण्याबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं.

निघताना मी स्पष्ट विचारलं, "तुझ्याही मनात जीव द्यायचं येतं का?" पूर्वी मला हे विचारायची भीती वाटे. प्रशिक्षणात शिकले की विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ती म्हणाली, "येत होतं. आता पोरीकडं पाहते." मी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर तिच्या फोनमध्ये घातला. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पोरीकडे पाहते या उत्तरावर विसंबून मी घरी जात नाही. शेजारच्या जावेला सांगून ठेवलं, रात्री हिच्याजवळ झोपायचं. उद्या सकाळी मी फोन करणार.

३. तिचे कागद घेऊन कचेरीत. मदत मिळायची तर नवऱ्याच्या नावावर बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज दाखवावं लागतं. कृषिकेंद्राची उधारी, पाहुण्याकडून घेतलेले पैसे मोजले जात नाहीत. मग कागदावर शेरा येतो, 'पात्र' किंवा 'अपात्र'. आमचं प्रकरण अपात्र ठरलं होतं. टेबलामागून तो शब्द मोठ्यानं वाचला गेला आणि रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस गेला, त्यात अपात्र काय असतं? तेव्हापासून असा कागद आला तर मी आधी स्वतः वाचते आणि घरी जाऊन, बसून, माझ्या शब्दांत सांगते. शासनानं मदत द्यावी न द्यावी याचे निकष लावावेत, पण हा शब्द बदलावा. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि सांगत राहणार.

मग तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज. तिचा दीर म्हणत होता, सध्या माझंच नाव लावू. मी म्हटलं, कायद्यानं बायको, मुलगी आणि आई, तिघींचाही हक्क आहे. माझ्या सातबाऱ्यावर मुलांसोबत माझं आणि आईंचं नाव आहे. तो कागद घरी आणला त्या दिवशी आई अक्षरावर बोट फिरवत म्हणाल्या, "मले वाटलं, मले कोणी मोजतच नाही."

६.३०. घरी. कापूस घरात येऊन पडलेला, आईंनी मजुरांच्या वेचणीचं वजन लिहून ठेवलेलं. मुलगा आयटीआयहून आलेला. बापाचं वय विचारलं की अजून गप्प होतो. त्याच्याशी मला हे सगळं बोलता येत नाही, परक्यांशी येतं. हे मला दुखतं.

९. भांडी आवरताना आईंनी विचारलं, "आज गेली होती त्या घरी सासू हाये का?"

आहे, म्हटलं. कोपऱ्यात बसून होती.

"तिच्याशी बोलली तू?"

नाही बोलले. तिथं गेल्यापासून निघेपर्यंत मी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

आई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेले मले बी नेजो."