‘ईडिपस राजा’मधील द्व्यर्थी वाणी

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या सहा घटकांत संविधानकाला पहिले स्थान दिले आणि भाषाशैलीला चौथे. सोफोक्लीजचे ‘ईडिपस राजा’ हे इ. स. पू. ५ व्या शतकातील नाटक त्याच्या विवेचनात वारंवार येत असल्यामुळे या नाटकाची चर्चाही बहुधा संविधानकापाशीच थांबते. वस्तुतः येथील शोध घटनांइतकाच शब्दांतूनही चालतो, आणि कित्येकदा शब्द घटनेच्या पुढे असतो.

राजा लेअसच्या वधाची वार्ता सांगताना क्रेऑन मारेकऱ्यांचा उल्लेख अनेकवचनी करतो. ईडिपसचा लगेचचा प्रश्न मात्र एकवचनी आहे. (मराठीत ‘लुटारू’ या शब्दाचे रूप दोन्ही वचनांत एकच असल्याने अनुवादकाला हा भेद क्रियापदावर सोपवावा लागतो.) पुढे हेच वचन ईडिपसची अखेरची आशा ठरते: एक म्हणजे अनेक नव्हेत. तथापि, वधाचा एकमेव साक्षी असलेला मेंढपाळ समोर येतो तेव्हा त्याला हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. कारण ‘मारेकरी कोण’ हा प्रश्न तोवर मागे पडून ‘ईडिपस कोणाचा पुत्र’ हा उभा राहिलेला असतो.

मारेकऱ्याला शाप देताना ईडिपस म्हणतो की, जणू आपल्याच पित्यासाठी झगडावे तसा मी लेअससाठी झगडेन. वक्त्याच्या लेखी ही उपमा आहे, प्रेक्षकाच्या लेखी वस्तुस्थिती. अलंकाराचे वाच्यार्थात असे रूपांतर होणे, हेच या नाटकाचे खरे भाषिक वैशिष्ट्य होय. संस्कृत नाट्यशास्त्रातील पताकास्थानक याच्या जवळचे आहे. परंतु ‘वेणीसंहारा’त ध्वज मोडल्याची वार्ता दुर्योधनाच्या मांडीविषयीच्या बोलण्याला अवचित जोडली जाते, तेव्हा दुसरा अर्थ परक्या मुखातून येतो; येथे तो बोलणाऱ्याच्या स्वतःच्या वाक्यात दडलेला आहे. अंध टायरेसिअस आणि डोळस राजा यांतील विरोध इतका उघड आहे की, त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

नायकाच्या नावाचा अर्थ ‘सुजलेल्या पायांचा’ असा होतो. पण त्यातच ‘मला ठाऊक आहे’ या अर्थाच्या ग्रीक ‘ओइदा’चाही ध्वनी आहे. कोरिंथचा दूत प्रवेश करताच त्याच्या पहिल्या ३ ओळींचे अंत ‘कोठे’, ‘ईडिपसचे’, ‘कोठे’ अशा समध्वनी शब्दांनी होतात. ज्ञान, पाऊल आणि ठिकाण यांची ही सांगड मराठीत उतरणे जवळजवळ अशक्य आहे. तळटीप ती सांगू शकेल, पण रंगमंचावर तळटीप ऐकू येत नाही.