वाघ बघायला जायचंय? आधी गटाची वही उघडा



डहाणू-तलासरीतल्या गटांच्या बैठकीत हल्ली सहलीचा विषय निघतो. टीव्हीवर आफ्रिकेतले सिंह-हत्ती बघून एखादी म्हणते, "आपणही जाऊ या की!" नामिबिया किंवा बोत्सवानाला जायचं तर पासपोर्ट, व्हिसा, विमान मिळून खर्च माणशी लाखाच्या वर जातो. पण जंगल सफारी आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबालाही होते. आणि ठरवायची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

कधी जायचं? प्राणी पाण्याच्या मागे असतात. नामिबियातल्या एटोशाच्या जंगलात जून ते ऑक्टोबर कोरडे दिवस असतात, तेव्हा प्राणी पाणवठ्यावर जमतात. ताडोबात हीच गोष्ट एप्रिल-मे महिन्यात घडते. पण चंद्रपूरचं ते ऊन आपल्या किनाऱ्यावरच्या बायांना झेपणारं नाही, शिवाय चैत्रात आपली महालक्ष्मीची जत्रा असते. म्हणून भाताची झोडणी आटोपल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी बरं. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर आतलं जंगल, ज्याला तिथे कोअर म्हणतात, बंद असतं. दर मंगळवारीही ते बंद असतं. शनिवार-रविवार टाळा, दर जास्त असतात.

पैसे कसे जमवायचे? कर्जवाटपाच्या पैशाला हात लावू नका. सहलीसाठी वेगळी बचत, वेगळं पान. समजा माणशी सहा हजार लागणार असतील, तर महिन्याला ५०० रुपये टाकले की वर्षात जमतात. खरा घोळ पुढे होतो. जिप्सी गाडीत सहा जणी बसतात आणि गाडीचे पैसे ठरलेले असतात. आयत्या वेळी एक जण गळली तर तिचा वाटा बाकी पाच जणींच्या डोक्यावर येतो. मग "तिच्यामुळे झालं" म्हणून गटात तेढ पडते. म्हणून आधीच ठराव लिहा: तिकीट काढल्यावर माघार घेतली तर किती पैसे परत, आणि घरात आजारपण आलं तर काय. सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या.

कागद. सफारीचं बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर होतं. नाव आधार कार्डावर आहे तसंच टाका. आपल्यात कुणाचं कार्ड माहेरच्या नावाचं, कुणाचं सासरच्या, तिथेच चूक होते. गेटवर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. कुणी दलाल फोनवर "पैसे पाठवा, काम करून देतो" म्हणाला तर पावती हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

वाट. डहाणू रोडहून लोकलने दादर, तिथून रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने नागपूर. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नागपूरहून चंद्रपूर साधारण दीडशे किलोमीटर. एसटीने गेलात तर मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. चंद्रपूरहून मोहर्ली गेट जवळ आहे.

जंगलात. सकाळच्या उघड्या जिप्सीत थंडी झोंबते, शाल-स्वेटर घ्या. ठरलेल्या जागेशिवाय खाली उतरता येत नाही, म्हणून निघण्याआधी शौचाला जाऊन या. पाळीचे दिवस असतील तर पॅड बदलून, जादा सोबत घ्या. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. भडक रंगाची लुगडी नकोत, मोठ्याने हाका नकोत. वाघ दिसेलच याची खात्री कुणीच देत नाही, म्हणून "गाडी जवळ घ्या" असा ड्रायव्हरच्या मागे लकडा लावू नका.

मैत्रिणींनो, आपण वाघबारसेला वाघदेवाला पुजतो. ताडोबा हे नावही देवाचंच. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, असं तिथले गोंड लोक सांगतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. १९५५ साली हे जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. आज मोहर्लीच्या बाजूला गावातल्या बायाच गाइड म्हणून पर्यटकांना जंगल दाखवतात. त्यांच्याशी जरूर बोला. त्याच जिल्ह्यात मोहाची फुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात दगावते, हेही खरं. आपण पैसे देऊन जो वाघ बघतो, तो तिच्या रोजच्या वाटेवर असतो. गावाला सफारीतून काय मिळतं आणि काय सोसावं लागतं, दोन्ही विचारा. आपल्या पाड्यावरही बिबट्या फिरतो, त्या बायांचं ऐकलेलं आपल्या कामी येईल.

तर पुढच्या बैठकीत तारीख, बचत आणि ठराव, एवढे तीन मुद्दे वहीत लिहा. घरच्यांना दोन महिने आधी सांगा, म्हणजे गुरं, पोरं आणि चूल कुणी बघायची तेही ठरेल. एवढं झालं की समजा, अर्धी सहल झालीच.