जलाशयाकाठचा गाळपट्टा (यवतमाळ जिल्हा)

गाळपट्टा म्हणजे धरणाचे पाणी ओसरल्यावर जलाशयाच्या काठाने उघडी पडणारी ओल्या चिखलाची सपाट जमीन होय. यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेवरील इसापूर, पूस, अरुणावती व बेंबळा या जलाशयांच्या उथळ काठांवर असे पट्टे तयार होतात. चिखलातील अपृष्ठवंशी प्राण्यांमुळे ते पाणथळ पक्ष्यांचे चराऊ क्षेत्र ठरतात.

स्वरूप

ठाण्याच्या खाडीसारख्या सागरी पंकभूमीवर भरती-ओहोटीमुळे चिखल साधारणपणे दिवसातून दोनदा उघडा पडतो. यवतमाळ जिल्हा समुद्रापासून दूर असल्याने येथे हे चक्र वार्षिक असते. पावसाळ्यात जलाशय भरतो आणि रब्बीचे सिंचन, पिण्यासाठी होणारा उपसा व बाष्पीभवन यांमुळे उन्हाळ्यापर्यंत पाणी मागे हटत जाते. त्यामुळे ताज्या चिखलाची नवी किनार सतत उपलब्ध होते.

चिखलातील जीवसृष्टी

पाण्याखाली कुजणारे गवत व वनस्पतींचे अवशेष हे या जीवसृष्टीचे मूळ अन्न आहे. त्यावर जलगांडुळे, गोगलगायी, शिंपले आणि न चावणाऱ्या, डासांसारख्या कीटकांच्या अळ्या जगतात. यांपैकी काही अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते. त्यामुळे त्या लाल दिसतात व प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तग धरतात.

पक्षी व त्यांच्या चोची

एकाच पट्ट्यावर अनेक जाती चरू शकतात, कारण प्रत्येकीचे भक्ष्य वेगळ्या खोलीवर असते. आखूड चोचीचा कंठेरी चिखल्या नजरेने भक्ष्य हेरून धावत जाऊन टिपतो. छोटा टिलवा पृष्ठभागालगत भराभर टोचतो. पाणटिवळा लांब चोच गाळात खुपसून टोकाच्या संवेदनेने भक्ष्य शोधतो, तर शेकाट्या लांब पायांमुळे उथळ पाण्यात चरतो. छोटा टिलवा उत्तर ध्रुवीय टुंड्रा प्रदेशात वीण घालतो. वसंतातील परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी अशा पक्ष्यांना हिवाळी मुक्कामात व वाटेवरील चराऊ ठिकाणी साठवावी लागते.

मानवी वापर व संवर्धन

ओसरत्या पाण्यामागे उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर केली जाते. या जमिनी देताना प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. धरणात शेती गेलेल्या कुटुंबांसाठी तो उपजीविकेचा आधार आहे. मात्र नांगरट थेट पाण्याच्या कडेपर्यंत पोहोचल्यास पक्ष्यांना चरण्यास जागा उरत नाही, आणि फवारलेली कीटकनाशके अळ्यांसाठी घातक ठरतात. पाणी फार वेगाने उतरल्यास चिखल भेगाळून कडक होतो व त्यातील जीव मरतात. गाळ काढून शेतात पसरल्याने साठवणक्षमता वाढते; परंतु काठ खोल व उभा खणला गेल्यास उथळ पट्टा नाहीसा होतो. पाण्यालगतची अरुंद किनार न नांगरता सोडणे आणि उताराची ठेवण राखणे, या उपायांनी शेती व पक्षी या दोहोंना वाव राहतो.