आज्ञावली आणि तिचे विवरण : आर भाषेतील पॅकेजांचा विचार

संगणकभाषेतील पॅकेज म्हणजे इतरांच्या उपयोगासाठी एकत्र बांधलेला फलनांचा संच होय. त्याचा उपयोग करणारा संशोधक मूळ आज्ञावली क्वचितच वाचतो. त्याची सारी भिस्त सोबतच्या विवरणावर असते. म्हणून ह्या विवरणाचा कोणता भाग यंत्राकडे सोपवावा आणि कोणता लेखकाने स्वतः लिहावा, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. संख्याशास्त्रज्ञांच्या परिचयाच्या आर भाषेच्या आधारे त्याचा येथे विचार करू.

आरच्या पॅकेजात प्रत्येक फलनाच्या विवरणाची ठराविक अंगे असतात : शीर्षक, वापराचे रूप, प्राचलांचा अर्थ, मिळणारे फल आणि उदाहरणे. पूर्वी हे विवरण सर्रास वेगळ्या फाइलीत हाताने लिहिले जाई. त्यामुळे आज्ञावली बदलली तरी विवरण जुनेच राहण्याचा धोका असे. आज्ञावली व तिचे स्पष्टीकरण एकत्र लिहावे, हा विचार डोनाल्ड नूथ यांनी १९८४ मध्ये आग्रहाने मांडला होता. रॉक्सिजन ह्या साधनात त्याचा एक मर्यादित अंश आढळतो. लेखक फलनाच्या डोक्यावरच विशिष्ट खुणेच्या टीपा लिहितो. साधन त्या वाचून विवरणाची फाइल सिद्ध करते आणि वापराचे रूप प्रत्यक्ष आज्ञावलीतून उचलते. पुढे आरची तपासणी-आज्ञा प्राचलांची नावे विवरणाशी ताडून पाहते व उदाहरणे चालवून पाहते.

येथवर यंत्राचे साहाय्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु ही तपासणी रूपाची आहे, अर्थाची नव्हे. प्रमाण विचलनाचे उदाहरण घ्या. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ ह्या आठ संख्यांचा मध्य ५ आणि विचलनांच्या वर्गांची बेरीज ३२ आहे. आरचे फलन ह्या बेरजेस ७ ने भागते व सुमारे २.१४ हे उत्तर देते. पायथन भाषेतील नमपाय पॅकेजाचे फलन, वेगळी सूचना न दिल्यास, ८ ने भागते व २ हे उत्तर देते. दोन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येनुसार बरोबरच आहेत. मात्र आरच्या फलनाचे नाव व प्राचले कितीही न्याहाळली तरी छेदाचा पत्ता लागत नाही. तो विवरणातील एका वाक्यातूनच कळतो. उद्या कोणी आज्ञावलीत छेद बदलला आणि ते वाक्य तसेच ठेवले, तर नावे जुळतील, उदाहरणही विनातक्रार चालेल आणि वाचक मात्र फसेल.

ह्यावर अंशतः उपाय आहे. उदाहरणात अपेक्षित उत्तर नमूद करून, ते न आल्यास आज्ञावली थांबावी अशी अट घालता येते. मग तपासणीत तो दोष उघड होतो. तथापि कोणती गोष्ट अशी अट घालण्याजोगी महत्त्वाची आहे, हे लेखकालाच ठरवावे लागते. तात्पर्य, विवरणाचा सांगाडा यंत्राने उभारावा; व्याख्या, गृहीतके आणि मर्यादा यांविषयीची वाक्ये मात्र आज्ञावलीइतक्याच जबाबदारीने लेखकाने लिहावीत, आणि आज्ञावली बदलेल तेव्हा तीही पुन्हा वाचावीत.