मुंबई–दिल्ली जुळलं, मुंबई–लंडन का चुकलं?

समजा, तुमच्या डेटात शहरांच्या जोड्या आहेत आणि 'अंतर' नावाचा कॉलम भरायचाय. बरेच जण काय करतात? दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, फरकांवर पायथागोरस लावायचा आणि उत्तराला १११ ने गुणायचं, कारण एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांसाठी हे केलंत तर १,१५० किमी येतात. पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर आहे सुमारे १,१४० किमी. चूक जेमतेम एक टक्का. तुम्ही खूश, गाईडही खूश.

आता तोच कोड मुंबई–लंडनवर चालवा. जवळपास ८,९०० किमी! खरं अंतर ७,२०० च्या आसपास आहे. म्हणजे कोड आधीपासूनच चुकीचा होता, तपासायला दिल्ली घेतली म्हणून ते दिसलं नाही. रेखांशाच्या एका अंशाला १११ किमी हे फक्त विषुववृत्तावर; मुंबईच्या अक्षांशावर ते १०५ होतात आणि लंडनच्या अक्षांशावर ६९ च. शिवाय सपाट नकाशावरची सरळ रेघ ही गोलावरची सर्वांत जवळची वाट असेलच असं नाही. हॅवरसाइन सूत्र वापरा. (अंशांचे रेडियन करायला मात्र विसरू नका, फंक्शन बिचारं तक्रार करत नाही.)

वेळ काढणं याहून अवघड. १,१४० ला ताशी ८३० ने भागलं की मुंबई–दिल्ली दीड तासाच्या आत बसतं. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून जास्त दिसतात. कारण तिथली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला थांबेपर्यंतची असते: धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, उतरायला जागा मिळेपर्यंत घिरट्या आणि थोडी राखीव मिनिटं. अंतर कमी असलं की हा वरचा भाग प्रमाणात मोठा होतो. म्हणून सगळ्या मार्गांना एकच सरासरी वेग लावणं मला पटत नाही.

त्यात वारा. "जाता-येता तो फिटतो" असं सर्रास ऐकू येतं. गणित करून बघा. विमानाचा वेग ताशी ९००, वारा १०० चा. लंडनला जाताना समोरून वारा, म्हणून ८०० ने ९ तास. येताना पाठीमागून, म्हणून १,००० ने ७ तास १२ मिनिटं. बेरीज १६ तास १२ मिनिटं. वारा नसता तर १६ तासच. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा उरतोच.

आणि तिकिटावरच्या वेळा थेट वजा करू नका. लंडन हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास असतं, उन्हाळ्यात साडेचार. आधी दोन्ही वेळा यूटीसीत आणा, मगच वजाबाकी.