एका काडीवर उभं राहिलेलं गाव: मलिहाबाद

लखनौहून हरदोईच्या दिशेने निघालेली गाडी आलमनगर मागे टाकते, काकोरी येतं आणि त्यानंतर थोड्याच वेळात मलिहाबाद. लखनौपासून अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. गंगेच्या मैदानातला हा मुलूख इतका सपाट आहे की टेकडी म्हणावं असं काही नजरेला पडत नाही. अशा ठिकाणी क्षितिज लांबवर दिसायला हवं. पण इथे ते दिसतच नाही, कारण रुळांच्या आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंब्याची झाडं एकमेकांत फांद्या घालून उभी आहेत. त्यांतली बहुसंख्य झाडं एकाच जातीची, दशेरीची. आपल्याकडे रत्नागिरी-देवगडचं हापूसशी जे नातं, ते लखनौकरांच्या मनात मलिहाबादचं दशेरीशी.

गाव जुनं आहे. मल्हिया आणि सल्हिया या दोन पासी भावांपैकी एकाने मलिहाबाद आणि दुसऱ्याने शेजारचं संडीला वसवलं, अशी लोककथा या भागात सांगितली जाते. कथेचा पुरावा कोणी मागत नाही. मात्र पासी समाजाचा या भूमीवरचा पहिला हक्क तिने पिढ्यान्‌पिढ्या जागता ठेवला आहे, आणि एवढ्यासाठी मला ती मोलाची वाटते. लेखी उल्लेख अकबराच्या काळातला मिळतो: ‘ऐन-ए-अकबरी’त लखनौ सरकारातल्या महालांच्या यादीत मलिहाबाद आहे. पुढे खैबरकडून आलेले आफ्रिदी पठाण इथे स्थिरावले. त्यांच्यातले फकीर मोहम्मद खान हे अवधच्या फौजेतले मातब्बर सरदार, आणि ‘गोया’ या नावाने लिहिणारे कवीही. ‘अनवार-ए-सुहैली’ या फारसी ग्रंथाचं त्यांनी ‘बोस्तान-ए-हिकमत’ नावाने उर्दू रूपांतर केलं. या फारसी ग्रंथाचं मूळ आपलं पंचतंत्र. म्हणजे संस्कृतातून पहलवी, अरबी, फारसी असा प्रवास करून आलेली कोल्ह्या-सिंहांची गोष्ट मलिहाबादच्या एका पठाण सरदाराच्या हातून पुन्हा इथल्या भाषेत आली.

दशेरीचं मूळ झाड मात्र खुद्द मलिहाबादेत नाही. ते काकोरीजवळच्या दशेरी नावाच्या खेड्यात आहे, आणि अजून उभं आहे. त्याचं वय दोनशे वर्षांहून जास्त मानतात. झाड लखनौच्या एका नवाब घराण्याच्या मालकीचं. या जातीचा प्रसार होऊ नये म्हणून फळं धरली की झाडावर जाळं टाकत आणि बाहेर जाणाऱ्या आंब्याच्या कोयीला भोक पाडत, अशी दंतकथा आहे. पुढे कोणीतरी युक्तीने हा आंबा मलिहाबादला नेला आणि तिथून तो सगळीकडे पसरला.

या दंतकथेत एक गंमत दडलेली आहे. कोय पळवून चोराच्या हाती दशेरी लागलीच नसती. दक्षिणेकडच्या काही आंब्यांच्या कोयीतून एकापेक्षा जास्त रोपं निघतात आणि त्यांतली बरीचशी हुबेहूब आईसारखी असतात. दशेरीच्या कोयीत एकच गर्भ असतो, तोही परक्या परागाच्या संकरातून आलेला. ती कोय लावली तर आंबा येईल, पण तो कसा निघेल याचा भरवसा नाही. आपल्या हापूसचंही असंच आहे. दशेरी हवी असेल तर काडीच हवी. म्हणून आज जगात जिथे जिथे दशेरीचं झाड आहे, तिथे ते त्या एका झाडाच्या काडीच्या काडीची काडी आहे. लाखो झाडं, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने सगळी मिळून एकच. मलिहाबादच्या बागेत उभं राहून हे समजून घेतलं की समोरच्या रांगांकडे पाहण्याची नजरच बदलते.

काडीवरून कलमं बांधण्याच्या कामात मलिहाबादकर तरबेज झाले. पूर्वी इथे भेट कलम बांधत. कुंडीतलं गावठी रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ न्यायचं, दोघांची साल समोरासमोर तासायची, जखमेला जखम लावून घट्ट बांधायचं आणि सालीखालचे जिवंत थर एकजीव झाले की फांदी खालून कापून रोप वेगळं करायचं. आता व्हिनियर कलमाचा प्रघात जास्त. त्यात मातृवृक्षाची फांदी वाकवून जखडावी लागत नाही. आणलेली काडी खुंटाला बगलेत बसवता येते. कोकणात कोय कलम रुजलं, उत्तरेत हे. मलिहाबादच्या रोपवाटिका आजही उत्तर भारतभर कलमं पाठवतात, आणि सुरी धरण्याची ती रीत बापाकडून मुलाकडे जाते.

पण सगळी झाडं मिळून एकच असल्याची किंमतही मोजावी लागते. दशेरीला स्वतःचा पराग चालत नाही. शेजारच्या झाडाचा पराग आला तरी तो दशेरीचाच, म्हणजे स्वतःचाच. त्यातून फळधारणेला सुरुवात झाली तरी आतला गर्भ टिकत नाही. मोहोराच्या टोकाला वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा घोस लोंबतो, वाढत नाही आणि काही दिवसांनी गळून जातो. इथले बागवान त्याला ‘झुमका’ म्हणतात. तुडतुड्यांसाठी मोहोर फुललेला असतानाच औषध मारलं तर परागीभवन करणाऱ्या माशा आणि मधमाश्याही मरतात आणि झुमका आणखी वाढतो. यावरचा उपाय जुन्या बागांमध्ये आपसूक होता: मधूनमधून दुसऱ्या जातीची झाडं. दशेरीला पराग देण्यासाठी जी जात उत्तम ठरली, तिचं नाव ‘बंबई ग्रीन’. मुंबईच्या नावाचा हा हिरवा, लवकर पिकणारा आंबा तिकडे चांगला प्रतिष्ठित आहे. बाजाराने मात्र दशेरीचं कौतुक केलं आणि नव्या बागा नुसत्या दशेरीने भरल्या. हुस्नआरा, गुलाबखास, जौहरी सफेदा, अशी सुंदर नावं मिरवणारे आंबे एकेक झाडापुरते उरले. मला यात खरी हानी दिसते. जी जात दुसऱ्यांवाचून फळत नाही, तिच्याचसाठी दुसऱ्यांना बाहेर काढलं गेलं.

बागा एवढ्या वाढल्या कशा, याला एक कायदेशीर कारणही आहे. १९५० चा उत्तर प्रदेशाचा जमीनदारी निर्मूलन कायदा १९५२ पासून अमलात आला. कुळांच्या ताब्यातली जमीन जमीनदारांच्या हातून गेली, पण स्वतः कसलेल्या जमिनीबरोबर त्यांच्या स्वतःच्या आमराया त्यांच्याकडेच राहिल्या. जुनी पठाण घराणी जमीनदारीकडून बागाइतीकडे वळली. हळूहळू इतर समाजांचे छोटे शेतकरीही गव्हाऐवजी आंबा लावू लागले.

गावाचं वर्ष आंब्याने आखलेलं असतं. थंडीत बुंध्याभोवती प्लॅस्टिकचे पट्टे गुंडाळतात, म्हणजे मातीतून वर चढणाऱ्या पिठ्या ढेकणाची पिल्लं घसरून खाली पडतात. फेब्रुवारीत मोहोर. मोहोर किंवा लहान कैऱ्या पाहूनच ठेकेदार अख्खी बाग विकत घेतो. मग वादळ, गारपीट आणि चोरी यांची जोखीम त्याची. उन्हाळाभर राखणदारांची कुटुंबं झाडाखाली खोपटात राहतात, तिथेच चूल, तिथेच खाट. जूनच्या मध्याला दशेरी उतरू लागते. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की आंब्याची हौस संपते. तिकडे जाणकार म्हणतात, पाऊस पडल्याशिवाय दशेरीला चव नाही. मग महिना-दीड महिना गावाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पेट्या ठोकणारे, फळं निवडणारे, हमाल, ट्रकवाले, अडते, सगळे रात्रभर जागे. दशेरीमागून लंगडा, सफेदा आणि शेवटी ऑगस्टपर्यंत चौसा. झाडावरच पिकून आपोआप पडलेल्या आंब्याला ‘टपका’ म्हणतात. तो बाजारात फारसा जात नाही, बागेतच बादलीभर पाण्यात बुडवून खाल्ला जातो. आंब्याची दावत ही इथली जुनी रीत: पाहुण्याला घरी नाही, बागेत बोलवायचं.

आणि आंबा नसतो तेव्हा? दशेरी एक वर्ष भरघोस येते, तर पुढच्या वर्षी बहुधा हात आखडते. अशा वेळी अनेक घरांना चिकनकारीचा आधार असतो. लखनौत ठशांनी नक्षी उमटवलेलं कापड दलालामार्फत मलिहाबाद-काकोरीच्या खेड्यांत येतं. टेपची, मुर्री, फंदा, जाळी असे टाके घालून बायका ते भरतात आणि ते धुण्यासाठी पुन्हा शहरात जातं. दुकानातल्या किमतीच्या मानाने त्यांच्या हाती पडणारी मजुरी फार थोडी असते. लखनवी चिकनला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या सन्मानातला त्यांचा वाटा अजून वाढायला हवा. मलिहाबादी दशेरीला हेच मानांकन २००९-१० मध्ये मिळालं, कोकणच्या हापूसला ते मिळण्याच्या (२०१८) कितीतरी आधी.

हाजी कलीमुल्ला खान यांच्या झाडाबद्दल बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. सातव्या इयत्तेत नापास झाल्यावर शाळा सोडलेल्या या मुलाने १९५७ मध्ये एका झाडावर सात जातींची कलमं बांधली. ते झाड पुराच्या पाण्याने गेलं. पुढे १९८७ पासून शतकभर जुन्या एका झाडावर त्यांनी एकामागून एक काड्या बसवल्या. आज त्या झाडावर तीनशेहून अधिक जाती आहेत. एका फांदीवर लांबट पिवळा आंबा, तिच्याच शेजारी गोल लालसर. पानांचा आकार आणि वाससुद्धा फांदीगणिक वेगळा. प्रत्येक काडी आपले गुणधर्म राखते, मुळं आणि खोड मात्र सगळ्यांचं एक. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या नव्या आंब्यांना ते नामवंतांची नावं देतात. त्यात एक सचिनही आहे, मुंबईचा. लोक हे झाड अजब वस्तू म्हणून पाहायला जातात. मला त्याचं महत्त्व वेगळं वाटतं: ज्या जाती बाजाराने बागांतून हुसकल्या, त्यांतल्या कित्येक या एका खोडावर श्वास घेत आहेत. हेच काम मोठ्या प्रमाणावर जवळच रहमानखेड्याला चालतं. तिथे १९७२ मध्ये आंबा संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली संस्था आज केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थान आहे. तिच्या संग्रहात आंब्याचे सातशेहून अधिक नमुने जतन केलेले आहेत.

मलिहाबादचं नाव आंब्याइतकंच कवितेनेही नेलं. शब्बीर हसन खान, म्हणजे जोश मलिहाबादी, हे फकीर मोहम्मद खान ‘गोया’ यांचे पणतू. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्यांना ‘शायर-ए-इन्किलाब’ म्हणत. मराठी वाचकाला त्यांची एक ओळख सहसा नसते: १९४० च्या दशकात ते पुण्यात राहिले. डब्ल्यू. झेड. अहमद यांच्या शालिमार पिक्चर्सच्या चित्रपटांसाठी त्यांनी गीतं लिहिली. ‘मन की जीत’ (१९४४) हा त्यांतला चित्रपट. कृष्ण चंदर आणि अख्तर उल ईमानही त्याच काळात त्या स्टुडिओत होते. १९५४ मध्ये भारत सरकारने जोश यांना पद्मभूषण दिलं आणि दोनच वर्षांनी, मित्रांनी अडवलं तरी, ते पाकिस्तानात गेले. १९८२ मध्ये इस्लामाबादला वारले. ‘यादों की बरात’ या आत्मचरित्रात मलिहाबादचं बालपण, तिथली माणसं आणि ऋतू त्यांनी इतक्या ओढीने लिहिले आहेत की गाव सोडून गेलेला माणूस गावाला किती धरून राहतो, ते वाचताना जाणवत राहतं. मौलाना आझादांचे निकटचे सहकारी आणि पत्रकार अब्दुर रज्जाक मलिहाबादीही इथलेच.

मलिहाबादवरून लखनौला जाणाऱ्या लोहमार्गावरच ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना नेणारी गाडी थांबवली. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान, रोशनसिंह आणि राजेंद्र लाहिरी यांना डिसेंबर १९२७ मध्ये फाशी झाली. या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा भोगलेले रामकृष्ण खत्री हे बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे. सुटकेनंतर ते लखनौतच राहिले आणि सहकाऱ्यांच्या स्मृती जपण्यासाठी झटले. बुलढाण्याच्या शाळांमध्ये त्यांचं नाव काकोरीइतकंच ठसठशीतपणे घेतलं जायला हवं.

आज मलिहाबादला दोन बाजूंनी दाब आहे. लखनौ पसरतं आहे आणि त्यासाठी विटा हव्यात. वीटभट्टीच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडमुळे कोवळ्या कैरीचं टोक काळं पडून ती सडते. हा विकार उत्तर भारतातल्या बागवानांना चांगला परिचित आहे. बोरॅक्सची फवारणी आणि उंच धुराडी हे उपाय माहीत आहेत, पण फळं धरलेली असताना भट्ट्या बागांपासून लांब ठेवणं हाच खरा इलाज. दुसरा दाब बागांच्या आतून आहे. पन्नास-साठ वर्षांची झाडं इतकी दाटली आहेत की आत ऊन पोहोचत नाही, फळं शेंड्यालाच धरतात आणि औषधही तिथवर जात नाही. रहमानखेड्याच्या शास्त्रज्ञांनी यावर जीर्णोद्धाराची रीत बसवली. डिसेंबरात जुनं झाड जमिनीपासून तीन-चार मीटरवर छाटायचं, कापलेल्या जागी बोर्डो मलम लावायचं, उन्हाळ्यात फुटलेल्या धुमाऱ्यांतले मोजके ठेवायचे. दोन-तीन वर्षं पीक मिळत नाही, तोवर झाडांच्या मधल्या जागेत भाजीपाला घेता येतो. आजोबांनी लावलेल्या झाडावर करवत चालवायला अनेकांचं मन धजत नाही, तीन हंगाम रिकामे काढणंही सगळ्यांना परवडत नाही. ज्यांनी छाटणी केली, त्यांच्या बागांत आता जमिनीवर उभं राहून हाताने फळ तोडता येतं, आणि छाटलेल्या काही खुंटांवर दशेरीऐवजी दुसऱ्या जातीची काडी बसवायलाही वाव मिळाला आहे.