वर्ग दुसऱ्या मजल्यावर, विद्यार्थी जिन्याखाली

बारावीचा निकाल लागला की मोहोपाड्यापासून खालापूर-कर्जतपर्यंत कामगारांच्या घरांत एकच धावपळ सुरू होते. दाखले, झेरॉक्स, फोटो, फॉर्म. ज्या घरात पायाने अधू किंवा हाताला पकड नसलेले मूल आहे, तिथे अपंगत्वाचा दाखला हा आणखी एक कागद लागतो. सरकार आता ‘दिव्यांग’ म्हणते. नाव गोड झाले, जिने मात्र होते तेवढेच राहिले.

कायदा काय म्हणतो, हे आपल्या लोकांना ठाऊक असलेले बरे. 1995 च्या कायद्याने शिक्षणात किमान 3 टक्के जागा दिल्या होत्या. 2016 च्या कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत त्या किमान 5 टक्के झाल्या, शिवाय वयात 5 वर्षांची सूट मिळाली. निदान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी हे आहे. टक्का जास्त म्हणून दार बंद, असेही चालत नाही. वाचेचे अपंगत्व असलेल्या महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याचा वैद्यकीय प्रवेश अडला, तेव्हा 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसता आकडा पाहू नका, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का ते पाहा.

पण प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले, असे नव्हे.

आमच्या ओळखीच्या एका कामगाराच्या मुलीला रीतसर प्रवेश मिळाला. दोन्ही पायांत कॅलिपर, काखेत कुबड्या. कॉलेजचे नाव लिहीत नाही. अशी कॉलेजे जागोजागी आहेत. प्रथम वर्ष वाणिज्यचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, मुलींचे स्वच्छतागृह तळमजल्यावर. पहिला तास अर्धा होईतो ती वर पोचायची. पुन्हा खाली उतरावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी प्यायची नाही. दिवाळीपर्यंत हजेरी घसरली आणि 75 टक्के न भरलेल्यांच्या यादीत तिचे नाव फलकावर लागले. उनाडक्या करणाऱ्यांच्या रांगेत हीसुद्धा! घरचे म्हणू लागले, पुरे झाले बाई, बाहेरून परीक्षा दे.

आम्ही तिघे-चौघे प्राचार्यांना भेटलो. लिफ्टचा प्रस्ताव पाठवला आहे, असे उत्तर मिळाले. आम्ही कारकुनी पेशातले. पाठवलेले प्रस्ताव किती वर्षे जगतात, ते आम्हाला माहीत आहे. म्हणून लिफ्टचा विषय बाजूला ठेवून आम्ही वेळापत्रकाचा तक्ता मागितला. तळमजल्यावरच्या एका खोलीत कार्यालयाची जुनी कपाटे पडून होती. कपाटे वर गेली, वर्ग खाली आला. खर्च झाला तो हमालीचा. ग्रंथालय मात्र अजून वरच आहे.

यात उपकार कसला? 1946 साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी तिथे सकाळी वर्ग भरत. मुलांनी नोकरी सोडून यावे असे कॉलेजने म्हटले नाही, कॉलेजने आपले घड्याळ बदलले. विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे संस्थेने सोय करावी, हेच 2016 चा कायदाही सांगतो. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला त्याने दिलेली 5 वर्षांची मुदत तर 2022 मध्येच संपली.

रॅम्प बांधलाच, तर तोही नीट पाहून घ्यावा. 1 फूट चढायला निदान 12 फूट लांबी लागते, म्हणजे 2 फुटांच्या जोत्याला 24 फूट. काही ठिकाणी सहा-सात फुटांत सिमेंटची घसरगुंडी करून ठेवतात. तिच्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, उद्घाटनाचा फोटो तेवढा निघतो.

वर्गात शिकवण्याची रीतही बदलायला हवी. हाताला पकड नसलेल्या मुलाला फळ्यावरचे भराभर उतरवता येत नाही. त्याला टिपण आदल्या दिवशी द्यावे. प्रयोगशाळेतले ओटे उभ्या माणसाच्या मापाचे असतात. एखादे टेबल बुटके असले की खुर्चीवरचा मुलगाही स्वतःच्या हाताने प्रयोग करील. जोडीदाराने प्रयोग करायचा आणि याने आकडे लिहून घ्यायचे, याला आम्ही शिकणे म्हणत नाही. परीक्षेत लेखनिकाची सोय आहे. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटे जादा, म्हणजे 3 तासांच्या पेपरला 1 तास मिळतो. लेखनिकाची व्यवस्था परीक्षेच्या आदल्या दिवशी होत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

पालकांनी वेळापत्रक लागण्याआधीच प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्यावा. वर्ग तळमजल्यावर हवा, बसून प्रात्यक्षिक करू द्यावे, लेखनिक लागेल, असे जे हवे ते स्पष्ट लिहावे. सोबत अपंगत्वाच्या दाखल्याची प्रत जोडावी. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी विनंतीला कार्यालयात तारीख नसते. दाद लागली नाही, तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त बसतात, त्यांच्याकडे तक्रार करता येते. अर्ज लिहायला अडचण वाटत असेल, तर रविवारी संध्याकाळी विहारात या. मुलाला किंवा मुलीलाही सोबत आणा. काय लागते, ते त्यांनाच विचारून लिहू.